विश्लेषण : उभ्या विमानाचे इंजिन गंजते कसे आणि ते वाचवायचे कोणी?

एअर इंडियाचे एक बोईंग ७३७-२०० विमान कोलकाता विमानतळाच्या कोपऱ्यात सुमारे १३ वर्षे उभे होते. कंपनीच्या नोंदींतून ते कधीच निसटले होते. विमानतळ प्रशासनाने ‘तुमचे विमान घेऊन जा’ असे कळवले, तेव्हा कंपनीला त्याची आठवण झाली. नोव्हेंबर २०२५ मध्ये ते ट्रेलरवर लादून रस्त्याने बंगळूरुला नेण्यात आले. आता ते देखभाल अभियंत्यांच्या प्रशिक्षणासाठी वापरले जाणार आहे. समाजमाध्यमांवर या प्रकाराची भरपूर थट्टा झाली. त्या विमानाने पुन्हा उडावे अशी कोणाची अपेक्षाही नव्हती.

पण ज्या विमानांनी पुन्हा उडावे अशी अपेक्षा असते, ती विमाने महिनोन्‌महिने जमिनीवर उभी राहिली तर काय होते? हा प्रश्न थट्टेचा नाही. गेल्या काही वर्षांत आपल्याकडे तो दोनदा मोठ्या प्रमाणावर उभा राहिला. पहिल्यांदा करोना टाळेबंदीत आणि नंतर ‘गो फर्स्ट’ बंद पडल्यावर. दोन्ही वेळा सर्वाधिक धोका होता तो विमानातील सर्वांत महागड्या वस्तूला, म्हणजे इंजिनाला.

‘गो फर्स्ट’च्या विमानांचे काय झाले?

मुंबईत मुख्यालय असलेल्या, वाडिया समूहाच्या ‘गो फर्स्ट’ने २ मे २०२३ रोजी दिवाळखोरीसाठी अर्ज केला आणि दुसऱ्या दिवसापासून उड्डाणे थांबवली. प्रॅट अँड व्हिटनी कंपनीच्या सदोष इंजिनांमुळे निम्मी विमाने जमिनीवर आहेत, असे कंपनीचे म्हणणे होते. इंजिन कंपनीने हा आरोप फेटाळला. १० मे रोजी राष्ट्रीय कंपनी कायदा लवादाने अर्ज दाखल करून घेतला आणि कंपनीच्या ताब्यातील मालमत्तेवर स्थगिती लागू झाली.

अडचण अशी की ५४ विमाने कंपनीच्या ताब्यात असली तरी ती भाडेतत्त्वावरची होती. मालक होत्या परदेशी भाडेपट्टा कंपन्या. त्यांना आपलीच विमाने नेता येईनात. विमाने कुठे? दिल्ली, मुंबई आणि इतर विमानतळांवर, उघड्यावर. आणि महिना मे. म्हणजे पुढचे चार महिने पावसाचे.

भाडेपट्टा कंपन्या दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. जुलै २०२३ मध्ये न्यायालयाने त्यांना महिन्यातून किमान दोनदा विमानांची पाहणी आणि देखभाल करण्याची मुभा दिली. त्यावरही अपिले झाली. पाहणी केलेल्या काही कंपन्यांनी विमानांचे सुटे भाग गायब असल्याच्या आणि विमानांची अवस्था खालावत असल्याच्या तक्रारी न्यायालयासमोर मांडल्या. अखेर २६ एप्रिल २०२४ रोजी न्यायालयाने नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाला, म्हणजे डीजीसीएला, पाच कामकाजाच्या दिवसांत या विमानांची नोंदणी रद्द करण्याचा आदेश दिला. मधल्या काळात एक अख्खा पावसाळा आणि जवळपास एक वर्ष गेले होते.

बातम्यांमध्ये हा सगळा वाद कायद्याचा म्हणून आला. तो तसा होताही. पण वकील युक्तिवाद करत असताना विमानांच्या आत काय चालले होते, हे समजून घेतल्याशिवाय भाडेपट्टा कंपन्या एवढ्या घायकुतीला का आल्या होत्या, ते कळत नाही.

न वापरता इंजिन बिघडते कसे?

सर्वसाधारण समज असा की वापराने वस्तू झिजते आणि ठेवून दिली की टिकते. जेट इंजिनाच्या बाबतीत उलटही घडते. चालू इंजिन आतून गरम असते, त्यात ओलावा टिकत नाही, तेल सतत फिरत असते आणि प्रत्येक बेअरिंगवर त्याचा थर ताजा राहतो. इंजिन बंद झाले की हे सारे थांबते. तेल हळूहळू ओघळून खाली जाते. वरचा धातू उघडा पडतो आणि हवेतील ओलावा आपले काम सुरू करतो.

इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षी वर्कशॉपमध्ये कानशीने घासून चकचकीत केलेला लोखंडी जॉब ज्यांनी जुलै महिन्यात ग्रीस न लावता कपाटात ठेवला असेल, त्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. सबमिशनच्या दिवशी तो तांबूस झालेला असतो. पाणी पडलेले नसते, फक्त हवा दमट असते.

याचे शास्त्र १९३०च्या दशकात ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ व्हर्नन यांनी मांडले. हवेतील सापेक्ष आर्द्रता एका मर्यादेच्या खाली असेल तर लोखंड जवळजवळ गंजत नाही. ती मर्यादा ओलांडली की गंजण्याचा वेग एकदम वाढतो. ही मर्यादा साधारण ६० टक्क्यांच्या आसपास असते. धातूवर मीठ किंवा धूळ बसली असेल तर ती आणखी खाली येते, कारण मीठ स्वतःच हवेतील पाणी ओढून घेते. मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते आणि अरबी समुद्र विमानतळापासून काही किलोमीटरवर आहे. म्हणजे ओलावा आणि मीठ, दोन्ही फुकट.

त्यात भर दिवस-रात्रीच्या तापमानाची. ३० अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता असलेल्या हवेत दर घनमीटरला सुमारे २५ ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात असते. अशा हवेला दव सोडायला फार काही लागत नाही. तापमान जेमतेम तीन अंशांनी खाली आले की पुरे. इंजिन म्हणजे टनावारी वजनाचा धातूचा गोळा. तो रात्रभर थंड होतो आणि सकाळी हवा तापली तरी लगेच तापत नाही. बाहेरची दमट हवा आत शिरते आणि थंड धातूवर थेंब धरतात. दुपारी ते सुकतात, दुसऱ्या दिवशी पुन्हा धरतात. पावसाचा एक थेंबही आत न जाता इंजिन रोज आतून ओले होऊ शकते.

सगळे धातू सारखे गंजत नाहीत, हेही खरे. टायटॅनियमला या ओलाव्याचे काही वाटत नाही. ज्वलनकक्ष आणि टर्बाइनमधील निकेलचे मिश्रधातू थंड अवस्थेत बऱ्यापैकी टिकतात; पण त्यांच्यावर मीठ साचले असेल, तर ते नंतर हजारभर अंश तापमानाला इंधनातील गंधकाशी मिळून त्यांनाही पोखरते. अ‍ॅल्युमिनियमवर लाल गंज येत नाही. त्यावर पांढरी भुकटी येते आणि खाली बारीक खड्डे पडतात. ‘गो फर्स्ट’च्या बहुतेक विमानांवर असलेल्या पीडब्ल्यू ११०० जी या इंजिनाच्या पंख्याच्या पात्यांत अ‍ॅल्युमिनियम आहे, हे इथे लक्षात ठेवण्यासारखे.

खरी दुखरी जागा मात्र बेअरिंगची. मुख्य दांड्याला पेलणारी बेअरिंग ज्या कठीण पोलादाची असतात, त्यात कठीणपणा भरपूर असतो, पण स्टेनलेस स्टीलसारखा गंजरोध नसतो. मिनिटाला दहा हजारांहून अधिक फेरे घेणाऱ्या बेअरिंगच्या पृष्ठभागावर डोळ्याला जेमतेम दिसेल एवढा जरी गंजाचा खड्डा पडला, तरी इंजिन पुन्हा सुरू झाल्यावर त्याच्या कडेपासून धातूचे कपचे निघू लागतात. ते तेलात मिसळतात, पुढच्या बेअरिंगपर्यंत जातात. तेलात धातूचे कण आले की सांगणारे चुंबकीय डिटेक्टर इंजिनात असतात, त्यामुळे बहुतेक वेळा वेळीच कळते. पण कळल्यावर इंजिन उतरवून उघडावे लागते आणि तिथे कोटींचे आकडे सुरू होतात.

सात दिवसांत काय बिघडू शकते?

‘महिनोन्‌महिने उभे राहिले तरच’ असा समज असेल तर तो २०२० मध्ये मोडला. २५ मार्च ते २४ मे या काळात भारतात देशांतर्गत प्रवासी विमानसेवा पूर्ण बंद होती. जगभरातही हजारो विमाने धावपट्ट्यांच्या कडेला रांगा लावून उभी होती. उड्डाणे हळूहळू सुरू झाली आणि अमेरिकेत बोईंग ७३७ विमानांची इंजिने हवेत बंद पडू लागली. एक नव्हे, चार घटना. प्रत्येक वेळी एकच इंजिन बंद पडले, म्हणून विमाने सुखरूप उतरली.

कारण निघाले एक छोटा व्हॉल्व्ह. इंजिनाच्या कॉम्प्रेसरमधून थोडी दाबाखालची हवा केबिनसाठी काढून घेतली जाते. इंजिन जोरात असताना ती पाचव्या टप्प्यावरून घेतात, मंद असताना जास्त दाबाच्या नवव्या टप्प्यावरून. मंद असताना नवव्या टप्प्यावरची हवा उलटी पाचव्यात शिरू नये म्हणून मध्ये एकाच दिशेला उघडणारा व्हॉल्व्ह असतो. उभ्या विमानांत तो गंजला आणि उघडाच अडकून बसला. हवा उलटी शिरली, कॉम्प्रेसरमधला प्रवाह विस्कळीत झाला आणि इंजिन बंद पडले. या प्रकारे बंद पडलेले इंजिन हवेत पुन्हा सुरू होईल याची खात्री नव्हती.

२३ जुलै २०२० रोजी अमेरिकेच्या एफएए या नियामक संस्थेने तातडीचा आदेश काढला. जे ७३७ विमान सलग सात किंवा अधिक दिवस उभे राहिले असेल, त्याचे हे व्हॉल्व्ह तपासल्याशिवाय ते उडवायचे नाही. अमेरिकेत नोंदलेली सुमारे दोन हजार विमाने या आदेशाखाली आली. नियामकाला भीती कशाची होती? दोन्ही इंजिनांवर तोच व्हॉल्व्ह, दोन्ही सारखेच दिवस उभे, दोन्ही सारख्याच हवेत. एक अडकू शकतो तर दुसराही. भारतात डीजीसीएने स्पाइसजेट, विस्तारा आणि एअर इंडिया एक्स्प्रेस या ७३७ वापरणाऱ्या कंपन्यांना ही तपासणी करायला सांगितले.

दोन इंजिने असली की एक बिघडले तरी दुसरे असते, हा विमान सुरक्षेचा पाया. गंज हा पाया हलवतो, कारण तो दोन्हीकडे एकाच वेळी येतो.

इंजिन ‘झोपवतात’ कसे?

विमान किती दिवस उभे राहणार यावर काय करायचे ते ठरते. निर्मात्याच्या देखभाल पुस्तिकेत त्याचे टप्पे दिलेले असतात. थोड्या दिवसांचा प्रश्न असेल तर पुढचे आणि मागचे तोंड घट्ट कव्हरने बंद करणे आणि ठरावीक दिवसांनी इंजिन सुरू करून आतला ओलावा घालवणे एवढ्यावर भागते. या कव्हरांचे दुसरेही काम असते. उघड्या इंजिनात वारा शिरला की पंखा आपोआप फिरत राहतो आणि तेलाचा दाब नसताना फिरणारी बेअरिंग कोरडीच घासली जातात. शिवाय साळुंक्यांना घरटे बांधायला जेट इंजिनाइतकी ऐसपैस जागा दुसरी मिळत नाही.

मुक्काम लांबणार असेल तर मात्र पूर्ण ‘प्रिझर्वेशन’ करावे लागते. आधी कॉम्प्रेसर स्वच्छ पाण्याने धुऊन मीठ आणि धूळ काढतात, मग तो वाळवतात. तेलात गंजरोधक द्रव्य मिसळून इंजिन फिरवतात, म्हणजे त्याचा थर बेअरिंग आणि गिअरपर्यंत पोहोचतो. नेहमीचे कृत्रिम तेल भरून ठेवून भागत नाही, कारण ते हवेतील पाणी शोषते आणि कालांतराने त्यात आम्ल तयार होते. इंधनाच्या नळ्या आणि पंपातले विमान इंधन काढून टाकून तिथे हलके खनिज तेल भरतात. इंधनात विरघळलेले पाणी धातूला गंजवते आणि नळ्या कोरड्या ठेवल्या तर रबरी सील आकसतात, म्हणून हा मधला मार्ग.

यानंतर ओलावा शोषणाऱ्या पिशव्या. नव्या बुटांच्या खोक्यात सिलिका जेलची पुडी मिळते, त्याचेच मोठे भावंड. या पिशव्या इंजिनाच्या पुढे-मागे ठेवून सगळे तोंड सीलबंद करतात. इंजिन विमानावरून उतरवलेले असेल तर ते अख्खेच बाष्परोधक पिशवीत गुंडाळून स्टँडवर ठेवतात. पिशवीला एक छोटी खिडकी असते आणि तिच्यामागे रंग बदलणारे कार्ड. कार्ड निळे असेपर्यंत आतली हवा कोरडी. गुलाबी होऊ लागले की पिशव्या बदलायच्या. कोट्यवधींच्या यंत्राची तब्येत सांगणारी वस्तू ही काही रुपयांच्या पुठ्ठ्याची असते, याची गंमत वाटते. पण ती बघायला कोणीतरी नियमित जावे लागते. अडचण नेमकी इथेच येते. बंद पडलेल्या कंपनीत ते कार्ड बघायला जाणारा माणूस पगारावर राहिलेला नसतो.

किती पिशव्या आत ठेवल्या, किती कव्हरे आणि बुचे लावली, हे लिहून ठेवणे आणि कॉकपिटमध्ये त्याची ठळक पाटी लावणे हाही कामाचा भाग. कारण आत राहिलेली एक पिशवी पुढे इंजिन सुरू होताना गंजाइतकेच नुकसान करू शकते. स्टँडलाही कमी लेखू नये. रस्त्याने नेताना किंवा शेजारच्या हादऱ्यांनी थांबलेले बेअरिंग एकाच जागी बारीक थरथरत राहिले, तर तिथे झिजेच्या खुणा पडतात. म्हणून स्टँडला धक्के शोषणारे रबर असते.

मग इंजिन अधूनमधून सुरूच का करू नये?

टाळेबंदीत सोसायटीच्या पार्किंगमध्ये रोज सकाळी बाइकला किक मारून दोन मिनिटे घुरघुर करून बंद करणारे काका प्रत्येकाने पाहिले असतील. हेतू चांगला असतो. इंजिनाला मात्र त्याने अपायच होतो, आणि याचा सर्वाधिक संबंध छोट्या विमानांशी आहे.

बारामती, गोंदिया, धुळे येथे प्रशिक्षण संस्थांच्या छोट्या विमानांची इंजिने पिस्टनची असतात, म्हणजे तत्त्वाने आपल्या मोटारीसारखीच. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे एक लिटर पाणी तयार होते. इंजिन पूर्ण तापले तर ही वाफ बाहेर जाते. दोन-चार मिनिटे चालवून बंद केले तर त्यातील काही वाफ पिस्टनच्या फटीतून तेलाच्या कोठीत उतरते आणि तिथेच पाणी होऊन राहते. म्हणजे गंज रोखायला सुरू केलेल्या इंजिनात आपणच पाणी भरतो. लायकमिंग या मोठ्या पिस्टन इंजिन निर्मात्याने म्हणूनच स्पष्ट सांगितले आहे की जमिनीवर इंजिन चालवणे हा उड्डाणाला पर्याय नाही. त्याच कंपनीचा अनुभव असा की, दमट प्रदेशात नव्या इंजिनाच्या सिलिंडरच्या भिंतीवर अवघ्या दोन दिवसांत गंज दिसू शकतो. भरपूर उडालेल्या इंजिनाच्या भिंतीवर मात्र तेलाचा एक चिकट थर बसलेला असतो आणि चांगल्या हवेत ते काही आठवडे टिकते.

दुसरी चुकीची सवय म्हणजे उभ्या विमानाचा पंखा हाताने फिरवून ठेवणे. ‘जाम होऊ नये’ म्हणून हे केले जाते. प्रत्यक्षात पिस्टनच्या रिंगा सिलिंडरवरचा उरलासुरला तेलाचा थर पुसून काढतात. प्रिझर्व्ह केलेल्या इंजिनाच्या पंख्यावर ‘फिरवू नका’ अशी पाटी लावतात ती यासाठीच. लायकमिंगच्या इंजिनांत कॅमशाफ्ट वरच्या बाजूला असतो, त्यामुळे त्याच्यावरचे तेल सर्वांत आधी उतरते आणि गंज तिथे लवकर लागतो. कॅम खराब झाला की इंजिन उघडण्याला पर्याय नाही.

लांब मुक्कामासाठी इथेही जेट इंजिनासारखाच विधी आहे. गंजरोधक तेल भरून एकदा उडवायचे, मग सिलिंडरमध्ये तेलाचा फवारा, स्पार्क प्लगच्या जागी सिलिका जेलची पारदर्शक बुचे, बाकी तोंडे बंद. हे काम जेट इंजिनाच्या मानाने किरकोळ. तरीही ते टाळले जाते, कारण ‘पुढच्या महिन्यात तर उडवायचेच आहे’ असे प्रत्येक महिन्यात वाटत राहते.

वाळवंटात नेऊन का ठेवतात?

अमेरिकेत अ‍ॅरिझोना, स्पेनमध्ये तेरुएल, ऑस्ट्रेलियात अ‍ॅलिस स्प्रिंग्ज. जगातील विमानांचे मोठे मुक्काम कोरड्या प्रदेशांत आहेत. २०२० मध्ये सिंगापूर एअरलाइन्सने आपली ए ३८० विमाने सिंगापूरच्या दमट हवेत न ठेवता हजारो किलोमीटर दूर अ‍ॅलिस स्प्रिंग्जला पाठवली, ती हौसेने नाही. कोरड्या हवेत आर्द्रता त्या घातक मर्यादेच्या खालीच राहते; निम्मे काम निसर्ग करतो.

बंद पडलेल्या कंपनीला ही सोय नसते. विमान वाळवंटात नेण्यासाठी आधी ते उडावे लागते, त्यासाठी वैध प्रमाणपत्र, वैमानिक, विमा आणि इंधनाचे पैसे लागतात. त्यामुळे कंपनी ज्या रात्री कोसळते, त्या रात्री विमान जिथे असेल तिथेच ते अडकते. ते विमानतळ किनाऱ्यावर आहे की नाही, यावर त्याच्या इंजिनाचे भवितव्य बरेचसे ठरते.

काळजी जास्त झाली तर?

उभ्या विमानाच्या टाकीत आणखी एक पाहुणा येतो, तो म्हणजे बुरशी. इंधनाच्या तळाशी पाणी साचते आणि पाणी व इंधनाच्या सीमेवर बुरशी वाढते. ती आम्ल सोडून टाकी गंजवते आणि तिचा गाळ फिल्टर चोंदवतो. त्यावर इंधनात जंतुनाशक घालतात. फेब्रुवारी २०२० मध्ये टायटन एअरवेजच्या ए ३२१ विमानात हे औषध घालताना हिशेब चुकला आणि ते शिफारशीच्या सुमारे ३८ पट पडले. गॅटविकहून उड्डाण करताच दोन्ही इंजिनांत अडचणी सुरू झाल्या आणि वैमानिकांना लगेच परतावे लागले. चौकशीत घोटाळा सापडला तो मात्रा मोजण्याच्या पद्धतीत. ज्या औषधाने हे झाले, त्याच्या उत्पादकाने पुढच्याच महिन्यात विमानांसाठीचा त्याचा वापर थांबवला.

गंज नसला तरी इंजिनाची किंमत का घसरते?

कागदांमुळे. इंजिनातील प्रत्येक फिरत्या चकतीला ठरावीक उड्डाणांचे आयुष्य दिलेले असते. ते किती संपले, कोणता भाग कधी बदलला, इंजिन उभे असताना प्रिझर्वेशन कोणत्या तारखेला केले, कार्ड कधी पाहिले, पिशव्या कधी बदलल्या, याची सलग नोंद लागते. मधल्या सहा महिन्यांची नोंद नसेल तर इंजिन आतून ठणठणीत असले तरी कोणी तसे लिहून देणार नाही. मग ते उघडून पाहावे लागते आणि तो खर्च इंजिनाच्या किमतीतून वजा होतो. ‘गो फर्स्ट’ प्रकरणात भाडेपट्टा कंपन्यांची धडपड विमानांइतकीच त्यांच्या कागदपत्रांसाठी होती, ती या कारणाने.

इथे एक विसंगती पाहण्यासारखी आहे. ‘गो फर्स्ट’ची विमाने उभी होती त्याच काळात जगात या जातीच्या इंजिनांचा तुटवडा होता. प्रॅट अँड व्हिटनीच्या इंजिनांतील काही भागांसाठी वापरलेल्या धातूच्या भुकटीत दोष सापडल्याचे जुलै २०२३ मध्ये जाहीर झाले आणि २०२४ ते २०२६ या काळात सरासरी ३५० विमाने जमिनीवर राहतील असा अंदाज त्यांच्या मूळ कंपनीने सप्टेंबरमध्ये दिला. इंडिगोचीही बरीच विमाने त्यामुळे उभी राहिली. इंजिनांना एवढी मागणी आली की काही मालकांनी कोवळ्या वयाची ए ३२० निओ विमाने इंजिनांसाठी मोडीत काढली. आणि आपल्याकडे तशीच इंजिने न्यायालयाच्या तारखा मोजत पावसात उभी होती.

आता नियम बदलले आहेत का?

बदलले आहेत. विमान आणि इंजिनांवरील मालकांच्या हक्कांबाबत २००१ मध्ये केपटाऊन येथे आंतरराष्ट्रीय करार झाला आणि भारत २००८ मध्ये त्यात सामील झाला. पण देशात त्यासाठी स्वतंत्र कायदा नव्हता, त्यामुळे दिवाळखोरी कायद्यातील स्थगिती वरचढ ठरत राहिली. ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्राने अधिसूचना काढून विमाने आणि इंजिने या स्थगितीतून वगळली. एप्रिल २०२५ मध्ये संसदेने विमान वस्तूंमधील हितसंबंधांच्या संरक्षणाचा कायदा मंजूर केला. आता कंपनी दिवाळखोरीत गेली तर दोन महिन्यांत किंवा दोन्ही बाजूंनी ठरवलेल्या, यांपैकी आधी संपणाऱ्या मुदतीत मालकाला विमान परत मिळाले पाहिजे.

चर्चा या दोन महिन्यांचीच झाली. कराराच्या विमानविषयक मसुद्यातील एक तरतूद फारशी चर्चेत आली नाही. मालकाला ताबा मिळेपर्यंत विमान जपण्याची, त्याची देखभाल करण्याची आणि त्याची किंमत टिकवण्याची जबाबदारी त्या तरतुदीनुसार कंपनी किंवा दिवाळखोरी प्रशासकावर आहे. कागदावर ही तरतूद इंजिनाच्या प्रिझर्वेशनला थेट लागू पडते. प्रत्यक्षात प्रशासकाकडे येणारी कंपनी रिकाम्या तिजोरीची असते. कर्मचाऱ्यांचे थकलेले पगार, प्रवाशांचे परतावे आणि बँकांची कर्जे यांच्या रांगेत सिलिका जेलच्या पिशव्यांचा खर्च कुठे बसवायचा, हे कायदा सांगत नाही. आणि दमट हवेत दोन महिने म्हणजे काय, हे वर आलेच आहे. ७३७च्या त्या व्हॉल्व्हसाठी नियामकाने सात दिवसांची रेषा आखली होती.

याचा फटका प्रवाशांनाही बसतो. भाडेपट्टा कंपन्या भारतातील जोखीम भाड्यात धरतात आणि देशातील बहुतेक प्रवासी विमाने भाडेतत्त्वावरच असल्याने ती पुढे तिकिटात येते. नवा कायदा आणण्यामागे सरकारने दिलेल्या कारणांत हे भाडे कमी व्हावे हेही एक होते.

दुसरीकडे इंजिन दुरुस्तीची सोय देशात वाढते आहे. नागपूरच्या मिहानमध्ये एअर इंडियासाठी उभारलेले देखभाल केंद्र २०१५ पासून आहे. हैदराबादमध्ये साफ्रान कंपनीच्या लीप इंजिन दुरुस्ती केंद्राचे उद्‌घाटन नोव्हेंबर २०२५ मध्ये झाले असून २०३५ पर्यंत वर्षाला ३०० इंजिनांपर्यंत क्षमता नेण्याचे उद्दिष्ट आहे. दोन्ही शहरे समुद्रापासून दूर आहेत. ‘गो फर्स्ट’बाबत बोलायचे तर जानेवारी २०२५ मध्ये लवादाने कंपनी अवसायनात काढण्याचा आदेश दिला. तोवर नोंदणी रद्द झालेली विमाने मालकांच्या हाती गेली होती, आणि त्यांच्या इंजिनांचे प्रत्येकी काय करायचे, हा हिशेब त्यांनी आपापल्या कार्यशाळांत मांडायला घेतला होता.